वसव्यातलं पीक

लातूर जिल्हा वेगळा झाल्यानंतरच्या चौथ्या उन्हाळ्यात, चैत्रातल्या एका सकाळी, माझ्या आईने झाडं तोडायला आलेल्या माणसांना आमच्या शेतातून परत पाठवलं. माणसं लातूरच्या एका लाकडाच्या वखारीची होती. सोबत ट्रॅक्टर, दोर, कुऱ्हाडी आणि दोघांनी मिळून ओढायच्या करवती होत्या. झाडांचा सौदा माझ्या चुलत्यांनी केला होता. परत पाठवण्याचं आईने एकच कारण सांगितलं. झाडांखाली तिचं कॉफीचं पीक उभं होतं.

कॉफी हा शब्द गावाला नवा नव्हता. लातूरच्या हॉटेलात ती मिळायची आणि तालुक्याहून आलेल्या साहेबाला ती विचारायची पद्धतही होती. पण ती झाडाला लागते, आणि ते झाड दुसऱ्या झाडांच्या सावलीत वाढतं, हे गावातल्या बहुतेकांनी आमच्या राईतच पहिल्यांदा पाहिलं. पाहूनही बऱ्याच जणांना ते पटलेलं नव्हतं.

गाव आता शिरूर अनंतपाळ तालुक्यात येतं. तेव्हा तो तालुका झालेला नव्हता. आमचं शेत गावाच्या उत्तरेला, रस्ता आणि ओढा यांच्या मधे. रस्त्याकडचा अर्धा भाग चांगल्या काळ्या मातीचा, त्यात विहीर. ओढ्याकडचा भाग मुरमाड आणि उताराचा. त्या उतारावर राई. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस जाळत नाहीत, बसवून पुरतात, आणि शेत असलेली पुष्कळ घरं आपल्याच रानात पुरतात. आमच्या घरात समाधीशेजारी एक झाड लावायची रीत होती. पिढ्यांची झाडं होती ती: चिंच, आंबा, जांभूळ, करंज, बेहडा. मधल्या जागेत पाखरांनी आणून टाकलेल्या बियांची झाडं उगवली होती, त्यात एक मोठा उंबर. माझ्या वडिलांची समाधीही तिथेच होती. त्यांच्याशेजारी लावलेलं जांभूळ तेव्हा जेमतेम माझ्या उंचीचं होतं.

शेत सामाईक होतं. वडील गेल्यावर कारभार त्यांच्या धाकट्या भावाकडे, माझ्या चुलत्यांकडे आला. चुलते कष्टाळू होते. त्यांच्या रानात तणाची काडी दिसायची नाही. राई त्यांना खुपायची, आणि त्याचं कारण आमच्या भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याने सांगितलं असतं. झाडाची सावली जिथवर पडते तिथवर पीक खुरटतं. ज्वारी काटकी राहते, तूर शेंग धरत नाही. याला आमच्याकडे वसवा म्हणतात. वसवा लागलेली जमीन मोजणीत असते, हिशेबात नसते. बांधावर बाभूळ वाढली तर शेजारी भांडायला येतो, ते वसव्यावरूनच. आमच्या राईचा वसवा चुलत्यांच्या मते निम्मा उतार खात होता.

"मेलेल्यांना इतकी जागा, अन् जित्यांनी कुठं पेरायचं?" असं ते म्हणायचे. वडील असताना हे हसण्यावारी जायचं. वडील गेल्यावर आईला त्याचा अर्थ कळला. पडीक म्हटली गेलेली जमीन आज ना उद्या साफ केली जाते.

जिल्हा झाला त्याच वर्षी मावसबहिणीचं लग्न होतं. थोरली मावशी चिकमंगळूरकडे दिलेली. घर कॉफीच्या मळ्याचं. आई लग्नाला गेली आणि महिनाभर राहिली. तिथे तिने पाहिलं ते आल्या आल्या सांगितलं, आणि पुढेही अनेकदा जवळपास त्याच शब्दांत सांगितलं. आपल्या राईपेक्षा दाट झाडी होती. वर फणस, जांभूळ, तिकडे अत्ती म्हणतात तो उंबर, आणखी नाव माहीत नसलेली झाडं. त्यांच्या खोडावर मिरीचे वेल चढलेले. आणि सगळ्याच्या खाली, गर्द सावलीत, कमरेइतकी कॉफीची झुडपं, लाल फळांनी लगडलेली.

आईने मावशीला विचारलं होतं, "अक्का, एवढ्या झाडात ह्याला वसवा लागत न्हाई का ग?"

मावशी इतकी वर्षं तिकडे राहून वसवा हा शब्दच विसरली होती. समजल्यावर ती हसली. धाकट्या बहिणीला ती कानडीत तंगी म्हणायची. "तंगी, हे पीक वसव्यातलंच हाय. ऊन लागलं की मरतंय."

परत येताना आईने कॉफीची रोपं आणली. टोपलीत ओलं बारदान, त्यात रोपं, वर साडी झाकलेली. आगगाडी आणि दोन एसट्या बदलून ती गावात उतरली तेव्हा चुलते बैलगाडी घेऊन आले होते. टोपलीत काय आहे हे कळल्यावर ते म्हणाले, "वैनी, कर्नाटकातून लोकं लुगडं आणतेत."

आषाढात आईने रोपं राईत लावली. सगळी लागली. पण दुसऱ्या वर्षी दिवाळीपर्यंत त्यांतली बरीच पिवळी पडली. पानांच्या कडा जळाल्या. आईने पाणी कमी केलं नव्हतं. तिला कारण कळेना. दिवाळीनंतर मावशी आली आणि सरळ राईत गेली. मी सोबत होते. राईच्या तोंडाशी मावशी थांबली आणि खाली बघत राहिली.

जमीन झाडूनपुसून लख्ख होती. पानगळीचा सगळा पाला आईने खराट्याने लोटून एका कडेला पेटवला होता. रोपांभोवती खुरपून माती मोकळी केली होती. आमच्या भागात चांगलं रान असंच असतं. पेरणीआधी धसकटं वेचून जाळायची, पिकात कोळपं फिरवायचं, जमिनीवर काडी ठेवायची नाही. ज्याच्या रानात पाचोळा तो आळशी. त्याला मुलगी देताना लोक विचार करतात. चुलते आपल्या रानावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत आणि आईला त्यांच्यापुढे कमी पडायचं नव्हतं. म्हणून तिने राईही तशीच ठेवली होती.

"काय करायलीस ग तंगी?" मावशी म्हणाली. "रान हाय का आंगण हाय? सडा-रांगोळी तेवढी ऱ्हायली."

"स्वच्छ नगं?"

"स्वच्छ करून मारलीस की. पाला ह्याचं अंथरूण हाय अन् ह्याचं जेवण हाय. तूच त्याच्या ताटाखाली जाळ लावायलीस."

खराटा त्या दिवसापासून राईत गेला नाही. पुढच्या वर्षभरात पाला घोट्यापर्यंत साचला. त्याच्याखालची माती काळी, भुसभुशीत होत गेली आणि उन्हाळ्यातही हाताला गार लागायची. कॉफीला नवी पालवी आली.

पुढे नांदेडला बातमीदारी करत असताना कामानिमित्त मला किनवटच्या जंगलात वरचेवर जावं लागलं. सागाच्या राखीव पट्ट्यात पानगळीनंतर पावलागणिक आवाज होतो. मिश्र जंगलात, जिथे पाला कुजत राहतो, तिथे होत नाही. आमच्या राईत तिसऱ्या वर्षी पाय टाकल्यावर आवाज होत नव्हता, हे मला तिथे आठवलं.

राईत जे आलं ते हळूहळू आलं. नक्की कोण कधी आलं याची नोंद कोणी ठेवली नाही, मीही नाही. घोरपड आधीपासून होतीच. मुंगसं वाढली. पाल्यात गांडुळं झाली, म्हणून दिवसभर पाला उलथत बसणारी पाखरं आली. उंबर फळला की धनेश यायचे. ओढ्याच्या बाजूने उदमांजर यायचं, ते फक्त विष्ठेवरून कळायचं. सापही आले. गावात आईवर पहिला खरा आक्षेप घेतला गेला तो सापांवरून. "सापाला घर करून द्यायली," असं लोक म्हणायचे, आणि शेजारच्या रानात निंदायला जाणाऱ्या बायका राईकडच्या बाजूला बसायला का-कू करायच्या. त्यात चूक नव्हती. राईच्या कडेने चालताना काठी आपटत चालायला आईने मला शिकवलं.

चिंचेच्या वरच्या फांदीला दरवर्षी आग्यामोहोळ बसायचं. जुन्या जांभळीच्या ढोलीत लहान मधमाश्यांची वसाहत होती.

दुष्काळ पडला तो दोन पावसाळे कोरडे गेल्यावर. त्याच सुमारास लातूर वाढत होतं. नवा जिल्हा म्हणजे कचेऱ्या, क्वार्टर, कॉलेजं, बंगले. कचेरीला दारं-खिडक्या लागतात, दारं-खिडक्यांना लाकूड लागतं. विटा लागतात, आणि वीटभट्टीला जळण लागतं. वखारवाल्यांची माणसं रेणापूरपासून आमच्यापर्यंत गावोगाव फिरू लागली. ज्याच्या हाती पीक नव्हतं त्याच्या बांधावर झाड होतं. दोन उन्हाळ्यांत आमच्या गावाच्या रस्त्यावरचे आंबे गेले, मग चिंचा गेल्या. कडुलिंब शेवटी गेले. रस्त्यावर उभं राहिलं की पूर्वी न दिसणारं पुढचं गाव दिसू लागलं.

गावाचा आड आटला. हापशावर रांगा लागल्या. आईने राईत कॉफीच्या प्रत्येक झुडपाशी एक मडकं पुरलं होतं. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात चिंधीची वात. भांडी धुतलेलं, भाज्या धुतलेलं, अंघोळीचं पाणी ती राखेने निवळून घागरीने त्या मडक्यांत नेऊन ओतायची. हापशावर कोणीतरी तिला ऐकू जाईल असं म्हणालं, "माणसाला प्यायला न्हाई, अन् हिची झाडं कॉफी पिऊन राहिलीत."

आईने घागर खाली ठेवली. "भांड्याचं धुवण हाय बाई. पाहिजे का? देते की तांब्याभर."

रांगेत हशा पिकला. बोलणारीही हसली. पण बोलणं थांबलं नाही.

गुरांचा प्रश्न वेगळा होता. चारा संपला होता आणि राईत हिरवा पाला होता. चुलत्यांनी फांद्या मागितल्या. आईने वैशाखात उंबराच्या एका बाजूचा आणि करंजाच्या मधल्या फांद्यांचा पाला काढू दिला, तोही शेंडे सोडून. मावशीने सांगितलं होतं की पावसाच्या तोंडावर सावली थोडी विरळ करावी लागते. शेजाऱ्यांच्या शेळ्यांनाही त्यातला पाला गेला. सगळ्या फांद्या तिने काढू दिल्या नाहीत. चुलत्यांनी ते लक्षात ठेवलं.

त्या दुष्काळातल्या हिवाळ्यात कॉफीला पहिली फळं आली. सुपात मावतील इतकी. काही उदमांजराने नेली. आईने वाळवली, सोलली, ज्वारी भाजायच्या तव्यावर भाजली आणि खलबत्त्यात कुटली. पहिला कप चुलत्यांना दिला. त्यांनी एक घोट घेतला, कपाकडे पाहिलं आणि म्हणाले, "काढा चांगला हाय, वैनी. खोकला जाईल."

राईच्या पलीकडच्या बांधाचं रान एका म्हाताऱ्यांचं होतं. आई त्यांना मामा म्हणायची. त्यांचा कॉफीवर आमच्या चुलत्यांइतकाही विश्वास नव्हता. मला रस्त्यात अडवून ते म्हणायचे, "आईला सांग, चहाची बी लाव. साखरंला ऊस हायच. मग आपण हाटेलच टाकू."

त्या वर्षी रब्बीला राईभोवतीच्या तिन्ही शेतांत सूर्यफूल होतं. मुरमाड पट्टी सोडून आमच्या काळ्या रानात चुलत्यांचं, पलीकडे राईला अगदी लागून मामांचं, ओढ्यापार आणखी एकाचं. सूर्यफूल आमच्याकडे तेव्हा नव्यानेच आलेलं पीक. कमी पाण्यात येतं म्हणून लोक धरायला लागले होते. आधीच्या वर्षी ते चांगलं भरलं होतं.

कार्तिकात वखारवाला पहिल्यांदा राई पाहायला आला. चुलत्यांशी त्याचं बोलणं झालं. झाडं उन्हाळ्यात न्यायची ठरली, इसार दिला गेला. आईला कोणी विचारलं नाही. जाताना त्याच्या माणसांनी एक काम उरकून घेतलं. चिंचेवरचं आग्यामोहोळ जाळलं. करवत लावताना माश्या उठू नयेत म्हणून. आई त्या दिवशी बाजारला उदगीरला गेली होती. परतल्यावर तिने चिंचेखाली जळालेला मेणाचा थर पाहिला आणि चुलत्यांना विचारलं. त्यांनी मोहोळाचं सांगितलं. सौद्याचं सांगितलं नाही.

मार्गशीर्षात सूर्यफूल फुललं. फुलांवर माश्या नव्हत्या. हे आईने तेव्हाच बोलून दाखवलं होतं, हे मी स्वतः ऐकलं आहे, कारण मी लातूरच्या वसतिगृहातून सुट्टीला घरी आले होते. कृषी सहायकाने हाताला मऊ फडकं गुंडाळून ते सकाळी फुलाफुलावरून फिरवायला सांगितलं. चुलत्यांनी दोन दिवस बायका लावून ते केलं, मग सोडून दिलं. काढणीला फुलं मोठी होती, वरून चांगली होती, आणि बोटाने दाबली की आत जात होती. दाणे पोचट होते.

मामांच्या रानात तसं झालं नाही. म्हणजे सगळीकडे तसं झालं नाही. राईला लागून असलेल्या ओळी, ज्यांच्यावर दुपारपर्यंत सावली असते, त्या भरल्या. पुढच्या, उन्हातल्या ओळी पोचट गेल्या. मामांनी आयुष्यभर राईकडच्या त्या पट्ट्यात बी टाकायचंही जिवावर आल्यासारखं टाकलं होतं.

यामागे जांभळीच्या ढोलीतल्या लहान माश्या होत्या असं आईचं म्हणणं होतं. पुढे कृषी खात्यातल्या एका अधिकाऱ्याला मी हे विचारलं. त्याने सांगितलं की माश्यांचं कारण असू शकतं, आणि राईच्या कडेला ओल जास्त टिकली हेही असू शकतं. दोन्ही शक्य आहे. कोणी मोजलेलं नाही.

चैत्रातल्या त्या सकाळी ट्रॅक्टर ओढ्याकडून राईत शिरला तेव्हा आई मडक्यांत पाणी ओतत होती. मी दुसरी घागर घेऊन मागे होते. वखारवाला उतरला. चुलते त्याच्यासोबत होते. सौद्याचं आईला तेव्हा कळलं.

ती उभी राहिली नाही. हातातली घागर रिकामी होईपर्यंत ओतत राहिली.

"मावशी, बाजूला व्हा," वखारवाला म्हणाला. "फांदी पडंल अंगावर."

"पडू द्या. आधी सांगा, माझं पीक कुणाला इचारून तुडवायलाव?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "कुठाय पीक?"

"पाय उचला. खाली हाय."

त्याच्या पायाशी कॉफीचं झुडूप होतं. फांद्यांना कळ्या धरल्या होत्या. करवत धरलेल्या एका माणसाने वाकून पाहिलं. "मोगऱ्यावाणी दिसायलंय," तो म्हणाला.

"कॉफी हाय," आई म्हणाली.

वखारवाला हसला. "लातुरात नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई, अन् हितं कॉफी!"

"माझी झाडं तोडल्यावर येणार हाय का तुमच्या नळाला?"

चुलते पुढे झाले. "वैनी, चारचौघांत तमाशा नगं. घरी बोलू."

"घरी बोलला असता तर ही माणसं हितं आलीच नसती, भावजी."

"झाडं सामाईक हायत. निम्मी माझी हायत."

"असतील निम्मी तुमची. वसवा पुरा माझा हाय. वसव्यात पीक उभं हाय माझं."

"वसव्याला कुणी मालक असतो का?"

"कालपतुर कुणाला नगं होता, म्हणून नव्हता."

करवतवाल्यांतले दोघं हसले. वखारवाल्याने त्यांच्याकडे पाहिल्यावर थांबले. चुलत्यांनी आवाज चढवला. दुष्काळात उपाशी जनावरं दाव्याला आहेत, बियाणं घ्यायचं आहे, मेलेल्या माणसांच्या नावाने जमीन अडवून घर चालत नाही, असं ते म्हणाले. यातलं खोटं काही नव्हतं. समाधीवरची झाडं हवी तर सोडतो, मधली द्या, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितलं.

"मी समाध्यांचं नाव काढलं का?" आई म्हणाली. "मी पिकाचं बोलायले."

तेवढ्यात मामा बांध ओलांडून आले. ट्रॅक्टरच्या आवाजाने आले असावेत. त्यांच्या हातात सूर्यफुलाची दोन वाळलेली फुलं होती. खळ्यावर राखून ठेवलेली ती फुलं त्यांनी गावात आधीही दोघा-तिघांना दाखवली होती. त्यांनी दोन्ही फुलं चुलत्यांच्या हातात दिली.

"हे राईकडच्या ओळीतलं. हे पुढचं. दाबून बघ."

चुलत्यांनी दाबून पाहिलं. "ओल ऱ्हायली असंल तुमच्याकडं."

"असंल की. मग ओल कुणामुळं ऱ्हायली?" मामा वखारवाल्याकडे वळले. "अन् तुम्ही मोहोळ जाळून गेलाव. जाळताना कुणाच्या फुलावर बसत होतं ते इचारलं होतं का?"

"म्हातारबा, माश्यांना काय पत्ता लिहून ठेवलेला असतो का?" वखारवाला म्हणाला.

"त्यांना असतो. तुम्हाला न्हाई."

वखारवाला ट्रॅक्टरच्या चाकाला टेकला आणि त्याने बिडी पेटवली. भाऊबंदकीत करवत घालायची त्याची इच्छा नव्हती. सामाईक जमिनीत एक वाटेकरी नाही म्हणत असताना झाड पाडलं तर काय होतं, हे त्याला माहीत होतं. बिडी संपल्यावर त्याने चुलत्यांना सांगितलं, "तुमचं मिटवा, मग बोलवा." ट्रॅक्टर वळवताना एक झुडूप चाकाखाली गेलं. माणसं दुपारी पुढच्या गावाच्या नदीकाठी पोचली आणि त्यांनी तिथले आंबे पाडले.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी मठाच्या ओसरीवर पंच बसले. मी लातूरला परतले होते. तिथे काय झालं ते मी आईला आणि मामांना वेगवेगळं विचारलं. दोघांचं सांगणं जुळलं.

पंचांनी चुलत्यांचाच तोडगा पुढे केला. समाध्यांची झाडं राहतील, मधली जातील, दोघांचा मान राहील. आई उंबऱ्याशी बसली होती. ती म्हणाली, "मधली तोडल्यावर ऊन काय समाधी बघून पडणार हाय का?"

मग तिने वाटणी मागितली. वडील गेल्यापासून हा शब्द घरात कोणी काढला नव्हता. पंचांतल्या एकाने तिला समजावलं की वाटणीत राईही निम्मी होईल, तेव्हा तंटा तोच राहील. आई म्हणाली की तिला राई अख्खी पाहिजे.

चुलत्यांनी तेव्हा आपली अट सांगितली. अख्खी राई आईला, तर अख्खी काळी त्यांना. विहिरीसकट. मामांचं म्हणणं असं की ही अट आईने मान्य करावी म्हणून घातलेलीच नव्हती. त्या काळ्या रानावर आमचं वर्षाचं धान्य यायचं. विहीर दुष्काळातही तळाला पाणी धरून होती. ते ऐकून आई मागे सरेल असं ओसरीवर बसलेल्या सगळ्यांनाच वाटलं होतं.

"दिली," आई म्हणाली.

पंचांतले थोरले म्हणाले, "बाई, नीट इचार कर. पोरगी शिकायली. काळी गेली तर ज्वारी कुठं पेरशील?"

"ज्वारी इकत घेईन. कामाला जाईन. राई इकत मिळत न्हाई."

चुलत्यांनी हे दोनदा विचारून घेतलं. आईने दोन्ही वेळा तेच सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "पुढं रडत येऊ नगा, वैनी."

"तुमच्या विहिरीवर पाण्याला बी येणार न्हाई," आई म्हणाली.

ती गेली नाही. राईतली मडकी पुढेही घरच्या धुवणाने भरली जात होती. त्यात माझ्या कपड्यांच्या धुण्याचं पाणीही असायचं. सुट्टीत लातूरहून मी धुण्याचं गाठोडं बांधून न्यायचे, तेव्हा वसतिगृहातल्या मुली हसायच्या.

मोजणी वैशाखात झाली. खुंट्या ठोकताना चुलते आणि आई एकमेकांशी बोलले नाहीत. मोजणीदाराने दोघांनाही काकू-काका म्हणत काम संपवलं आणि जाताना राईत घटकाभर पडला, कारण त्या शिवारात दुसरीकडे सावली नव्हती. काळी जमीन विहिरीसकट चुलत्यांकडे गेली. राई आणि तिच्या वरची मुरमाड पट्टी आईकडे आली. वखारीचा इसार चुलत्यांनी परत केला.

ज्येष्ठात आईने ओढ्याच्या काठावरून शेर निवडुंगाच्या फांद्या तोडून आणल्या आणि राईभोवती कुंपण रोवायला घेतलं. शेराचा चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून ती पदर तोंडावरून घट्ट ओढून घ्यायची. मामांनी आपल्या बाजूला कुंपण नको म्हणून सांगितलं, तिथे तिने रोवलं नाही. चुलत्यांच्या रानाकडची बाजू तिने सगळ्यात आधी पूर्ण केली.